चार नंबरवरचं कासव

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सोनिका, सोनिका, सोनिका! या घरात दुसरं नावच उरलं नाही.

सकाळी मामाजी पोहे खाता खाता म्हणाले, "वरच्या मजल्यावर नवी लॅब टाकून राहिलो. कॉलेजचे पोरं येतीन. त्याईले विंडोजही पाहिजे अन् लिनक्सही, एकाच कॉम्प्युटरवर. सोनिका, तुले समजते त्यातलं. कोणतं सॉफ्टवेअर टाकाचं, सांग बरं."

मी तिथंच उभी होते, पोह्यांवर ओतायच्या तर्रीचं भांडं हातात घेऊन! मामाजींनी हा कॉम्प्युटरचा क्लास काढला तेव्हा वायरी कोणत्या सुनेनं ओढल्या? मी. सक्करदऱ्यातल्या निम्म्या पोरींना टायपिंग कोणी शिकवलं? मी. धाकटी जाऊ येऊन वर्ष नाही झालं. पण ती बी.ई.! खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेली, चष्मा लावते, हळू बोलते. झालं!

शेवटी न राहवून म्हटलं, "मामाजी, मलेही समजते."

ते हसले. "मग दोघीही एकेक निवडा. शनिवारी दाखवा. जिचं चांगलं चालन, वरची लॅब तिची. किल्लीही तिचीच."

आणि माझा नवरा, दुर्गेश? पोह्यातले शेंगदाणे वेचत बसले.

मंगळवार, ४

व्हर्च्युअलबॉक्स घेणार. ठरलं. फुकट आहे, पोरांना घरीही टाकता येतं. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर — क्लासच्या पोरींना मी असंच समजावते. खालच्या क्लासमधल्या चार नंबरच्या मशीनवर टाकलं, आत लिनक्स चढवलं. भरधाव!

सोनिकानं तेच काम करणारं हायपर-व्ही निवडलं. म्हणे, "ताई, ते विंडोजमध्ये आधीच असते ना. फक्त टिक कराची." फक्त टिक! म्हणजे डाउनलोड करत बसणारी मी अडाणी. मामाजींनी केवढी मान डोलावली.

बुधवार, ५

सोनिका आणि तिचा नवरा, अश्विनभाऊजी, बाजारात गेले. मी क्लासचं दार ओढून घेतलं आणि चार नंबरवर, माझ्याच मशीनवर, तिचं ते हायपर-व्ही टिक केलं. दोष शोधायला! ते विचारतं, आतल्या कॉम्प्युटरला नाव द्या. दिलं — 'धाकटी'.

खूप छळलं धाकटीला. एक दोष सापडेल तर शपथ! पटापट चालते मेली. शेवटी उडवून टाकली. थोडं बरं वाटलं.

गुरुवार, ६

आज तिनं कढी केली. मामाजींनी तीनदा मागून घेतली. कढीलाही बी.ई. लागते का?

शनिवार, ८

आधी ती. पाच नंबरवर. लिनक्स उघडलं, पळालं. मामाजी, "वा!"

मग मी. चार नंबर. बटण दाबलं आणि — हलेचना! मंगळवारी भरधाव पळणारं माझं लिनक्स, आज नुसती खिडकी उघडायला इतका वेळ की मला घाम फुटला. सोनिका शेजारी उभी. तिची नजर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर. तिथं एक हिरवं कासव. इवलंसं. हे कुठून आलं? मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

मामाजी वाकले. चष्मा वर केला. "अरे! कासव!" आणि चक्क हात जोडले! त्यांच्या टेबलावर पाण्याच्या वाटीत पितळेचं कासव असतं, त्याला रोज फूल वाहतात. देवळात गेले की आधी कासवाला हात लावतील, मग पिंडीकडे पाहतील. म्हणाले, "दामिनीच्या मशीनमंधी कासव निघालं वं! हळू चालते तर चालू दे. जिथं कासव तिथं लक्ष्मी टिकते. बस, हेच टाकाचं."

"मामाजी, ते कासव…" सोनिकानं तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि गप्प बसली.

किल्ली माझ्या हातात! तिचं तोंड पाहायला पाहिजे होतं. पाहिलंच मी, पोटभर.

रविवार, ९

किल्ली कमरेला. दोनदा उगाच वर जाऊन आले. तिच्या खोलीच्या दारावरून, खुळखुळवत.

सोमवार, १०

वरच्या सगळ्या मशीनवर माझं सॉफ्टवेअर टाकलं. सगळी मस्त चालतात. मामाजी एकेका स्क्रीनपाशी वाकून पाहतात. "याईवर कासव काहून नाही? शनिवारी उद्घाटन आहे. सगळ्याईवर पाहिजे!"

आता कासव आणू कुठून? नेटवर शोधलं. वाचून थंडच पडले. कासव म्हणजे लक्ष्मीबिक्ष्मी काही नाही. कासव म्हणजे — हळू! मशीनचा ताबा आधीच हायपर-व्हीनं घेतलेला आहे, म्हणून आपलं सॉफ्टवेअर रखडतंय, एवढाच अर्थ.

हायपर-व्ही! डोक्यात तिडीक गेली. तशीच स्वयंपाकघरात.

"सोनिका, चार नंबरवर तुझं ते तूच चालू करून ठेवलं ना? मी हरले पाहिजे म्हणून?"

तिचं लाटणं थांबलं. "ताई, तुमच्या मशीनले मी हात नाही लावला."

"मग काय कासव सक्करदऱ्याच्या तलावातून चालत आलं?"

तिनं पुन्हा लाटणं उचललं. पोळी लाटत राहिली. भांडत असती तर बरं झालं असतं. तिचं हे न बोलणंच मला डसतं.

मंगळवार, ११

आठवलं. बुधवार! 'धाकटी' उडवली, पण टिक काढायची राहिली. मीच केलेली टिक!

बुधवार, १२

दिवसभर किल्ली चाचपत होते. टिक राहू दिली तर कासव राहतं, लॅब माझी. सगळ्या मशीनवर टिक केली तर मामाजी खूश — आणि पोरं स्क्रीनकडे पाहत जांभया देणार. टिक काढली तर कासव जाणार, आणि मामाजींना कारण सांगावं लागणार. मग किल्ली सोनिकाकडे.

कोणाकडेही जावो. तिच्याकडे नको! लाज वाटत नाही मला हे लिहायला. इथं कोण वाचतंय?

गुरुवार, १३

संध्याकाळच्या बॅचची माया चार नंबरवर बसली. एक क्लिक करायची आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहायची. शेवटी म्हणाली, "मॅडम, माह्याच हातानं बिघडून राहिलं का?" पोर रडवेली झाली होती. माझ्या जळण्यापायी ती स्वतःला ढ समजत होती.

टिक काढली. रीस्टार्ट. पळायला लागलं. कासव गेलं.

मामाजींना सगळं सांगितलं. टिक माझीच होती, तेही. ते वाटीतल्या कासवाकडे वळले. "म्हणजे मी त्या दिवशी हात जोडले…"

"हो."

हसतील असं वाटलं. नाही हसले. "मी चुकलो, ते जाऊ दे. पण तुले मालूम होतं अन् तू मले सगळ्याईवर कासव शोधू देलं?" हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी ती तिथल्या तिथं सोनिकाला बोलावून दिली. तिनं 'नको' म्हटलं. एकदाच म्हटलं! दुसऱ्यांदा नाही.

जळते मी. लिहूनच टाकते — जळते!

शुक्रवार, १४

दुर्गेश म्हणतात, "तोंड पाडून काहून बसली वं? नाहक बोलली ना तिले? जा, माफी माग." बरोबर आहे त्यांचं. दारापर्यंत गेले. जीभ वळेना. परत आले.

शनिवार, १५

उद्घाटनाआधी माफी मागायची म्हणून वर गेले. सोनिका खाली फुलं आणायला गेली होती. तिचा लॅपटॉप टेबलावर उघडा. आणि त्यावर व्हर्च्युअलबॉक्स. माझं! आतल्या कॉम्प्युटरचं नाव — 'थोरली'. तयार केल्याची तारीख ४ नोव्हेंबर. खाली कोपऱ्यात हिरवं कासव.

ती आली. झटकन लॅपटॉप मिटला. कानापर्यंत लाल!

"सापडला का वं एखादा दोष?" मी विचारलं.

"नाही ना, ताई. लय शोधला."

म्हणजे तीही जळते! माझ्यावर!

दुपारी तिनं कढी केली होती. मी तीनदा मागून घेतली.