अम्मा डोंगराला निघाली

वेलिगम, १२ जानेवारी १९७४

ती. सौ. कुसुमअक्कास सिरिपालचा सा. न.

त्रिरत्नांच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे परवापर्यंत होतं. परवा अम्माने जाहीर केलं की विहाराच्या यात्रेच्या बसमध्ये तिने नाव घातलंय. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, सिगिरियाचा खडक, मग तुझ्याकडे कँडीला दंतमंदिर आणि शेवटी बुद्धाचं पाऊल उमटलेला श्रीपादाचा डोंगर! एकसष्ट वर्षांची बाई, मातरच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही, आणि आता बेट पालथं घालायला निघाली. गुडघ्यांचं काय, असं विचारलं तर म्हणाली, गुडघे माझे आहेत, तू तुझा काथ्या विक.

तुला एकच विनवणी. ती आली की ठेवून घे. दंतमंदिर दाखव, तळ्याभोवती फिरव, नातवंडांत गुंतव आणि आगगाडीत बसवून दे. डोंगर नको. पाच हजारांवर पायऱ्या आहेत. तात्ता गेले तेव्हा त्यांनी तिचा हात माझ्या हातात दिला होता, हे तू पाहिलं आहेस.

भाचरांना गोड पापा. धाकट्या भावावर तुझी माया आहेच, ती या वेळी थोडी कामाला लाव.
तुझा, सिरिपाल

कँडी, २४ जानेवारी

चि. सिरिपाल यास अ. आ.

तुझं पत्र आणि अम्मा एकाच दिवशी दारात आली. पत्र चुरगळलेलं होतं, अम्मा नव्हती.

सिगिरियाची हकीकत ऐक, तिच्या बसमधल्या बायकांनीच सांगितली. अर्ध्या खडकावर आग्यामोहोळ उठलं. लोक जिन्यावरून सैरावैरा धावायला लागले. आपल्या अम्माने पदर डोक्यावरून ओढला आणि ओरडून सगळ्यांना आहेत तिथे बसवलं. एक लठ्ठ पोस्टमास्तर ऐकेना, तर त्याला दंडाला धरून खाली खेचला आणि वर दम दिला की हललास तर माश्यांच्या आधी मी चावेन. कुणाला एक डंख झाला नाही! मग खडकात कोरलेल्या सिंहाच्या पंजांमधून ही थेट माथ्यावर. वाटेत खडकाच्या भिंतीवर रंगवलेल्या जुन्या बायका बघून म्हणाली, दीड हजार वर्षं नुसती फुलं धरून उभ्या आहेत, यांच्या घरी भात कोण शिजवतं?

मी तिला ठेवून घ्यायचा प्रयत्न केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नवस आहे. कसला ते सांगत नाही. म्हणून मी शाळेतून फेब्रुवारीच्या सुरुवातीची तीन दिवसांची रजा काढली आहे. मीही जाते. तूही ये ना! काथ्या काही पळून जात नाही.

रागावलास तरी लोभ सोडू नकोस.
तुझी अक्का

वेलिगम, २८ जानेवारी

ती. सौ. अक्कास सा. न.

अम्माला अडवायला तुला सांगितलं, तर तूच फितूर झालीस. रागात आहे, म्हणून ख्यालीखुशाली लिहीत नाही.

दर जानेवारीत अम्मा मला विचारते, यंदा डोंगराला येतोस का. दर वर्षी मी सांगतो, माल कोलंबोला जायचा आहे. ते खोटं नसतं. पण तुझ्यापाशी कबूल करतो, मला भीती वाटते. अर्ध्या वाटेवर तिचा श्वास अडकला तर मी काय करू? नवसच असेल तर इथल्या विहारात दिवे लावून फिटेल का, हे मी भन्तेंना विचारतो. तोवर तिला थांबव.

भांडलो तरी तुझाच,
सिरिपाल

ता. क. तिचं गुडघ्यांचं तेल इथेच राहिलंय. पार्सल केलंय.

नल्लतण्णी, डोंगराचा पायथा, ५ फेब्रुवारी

चि. सिरिपाल यास अम्माचे उदंड आशीर्वाद.

जाऊन आले. धड आहे. तेल मिळालं, ते तुझ्या अक्काच्या पायांना लागलं.

चढताना किती राहिलं असं विचारायचं नसतं. कुसुमने सतरा वेळा विचारलं. उजेडातच माथा गाठला आणि धर्मशाळेत पाठ टेकली. सकाळी सूर्य वर आला तशी डोंगराची सावली पलीकडच्या ढगांवर पडली, कात्रीने कापावी तशी तीन कोनांची. सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला रे!

तिथे एक घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोले द्यायचे. कुसुमने एक दिला. मी दोन दिले. तिचं उघडलेलं तोंड मिटेना.

आता तुला सांगते. कुसुमनंतर माझी दोन बाळं पाळण्यातच गेली. मग तू पोटात होतास, चार महिन्यांचा. सासूबाईंनी उंबरा ओलांडायला बंदी केली होती. तुझ्या तात्तांनी माहेरी पोचवतो म्हणून मला बाहेर काढलं आणि आम्ही दोघं इथे आलो. शेवटच्या पायऱ्या त्यांनी हात धरून एकेक चढवल्या. हे मूल राहिलं तर त्याला त्याच्या पायांनी इथे आणीन, असं मी बोलले. तू राहिलास. सासूबाई होत्या तोवर बोलायची सोय नव्हती, पुढे सांगायची सवय मोडली. आणि नवसाचं ओझं घालून तुला न्यायचं माझ्या जिवावर आलं. यंदा वाटलं, निदान मी जाऊन थोडी मुदत मागून यावी.

तुझा टोला मी दिलेला नाही. मोसम वैशाखी पौर्णिमेपर्यंत आहे. जेवत जा वेळेवर.
तुझी अम्मा

वेलिगम, २० मार्च

ती. सौ. अक्कास सा. न.

दुकान चार दिवस बंद ठेवलं! गावाला वाटलं, कुणीतरी गेलं.

अर्ध्या वाटेवर श्वास अडकला, पण माझा. अम्मा पाठ चोळत बसली होती आणि येणारेजाणारे मला नवखा म्हणून चिडवत होते. एक पोरगी तर मला लिंबू देऊन गेली. माथ्यावर पोचलो तेव्हा वारा असा होता की उभं राहवेना. अम्माने आधी आपले तीन टोले दिले आणि दोरी माझ्या हातात ठेवली. मी एक दिला. दुसरा देताना तात्ता आठवले, आणि तो वाजला, खणखणीत वाजला. लिंबूवाली मागेच होती. तिने अम्माला विचारलं, हे आधी कधी आले होते? अम्मा म्हणाली, आला होता, पण तेव्हा एकही पायरी चढला नाही, लबाड.

अक्का, आम्ही दोघं इतके हसलो की तिथले भन्ते बघायला आले. मग मी रडलोही, ते तुला अम्मा सांगेलच.

उतरल्यावर बसवाल्याकडे त्रिंकोमलीच्या गाड्यांची चौकशी केली. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणतात. अम्माने नाही विचारलं, मी विचारलं. एप्रिलच्या सुट्टीत मोकळी राहा.

आहे तो लोभ दुप्पट कर,
तुझा सिरिपाल