उरलेली सतरा घरं

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२८ जानेवारी १९७९

प्रिय विमल,

तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि मी एकालाही उत्तर दिलेलं नाही, म्हणून तू चिडली असशील. चीड. धाकट्या बहिणीचा तेवढा हक्क असतोच. माई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ ठणठणीत आहे. मध्यंतरी मी इंदूची कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर पडत होतो, तर म्हणाली, "बायको होती तेव्हा कधी ही पिशवी दारापर्यंत नेऊन दिली नाहीस. आता गावभर मिरव." आपल्या आईला उलट बोलायची सोय नाही, आणि या वेळी तर ती खरं तेच बोलत होती.

पिशवी कशाला, ते सांगतो. इंदू जाऊन दोन महिने झाले असतील, तेव्हा मुंबईहून तिच्या नावानं एक पाकीट आलं. शिरोलीच्या फौंड्रीत काम करून आजारी पडलेल्या माणसांच्या घरांचं पुढं काय होतं, यावर तुम्ही दोघींनी मद्रासच्या परिषदेत निबंध वाचलात. तोच नंतर तिनं त्या त्रैमासिकाकडे पाठवला होता. संपादकांनी लिहिलं होतं की निबंध मोलाचा आहे, पण चाळीस घरांपैकी तेवीस घरांतच वर्षानंतरची दुसरी फेरी झालेली दिसते. उरलेल्या सतरा घरांची माहिती जानेवारीअखेर आली तर मार्चच्या अंकात घेऊ, नाहीतर नाइलाजानं परत करावा लागेल. ती तेवीस घरंसुद्धा ऑपरेशननंतर ती कशी फिरली ते मी बघितलंय. रिक्षातून उतरताना दांडी धरून उभी राहायची, मग चालायला लागायची. चोविसाव्या घराला पाय उचलला नाही.

मी संपादकांना खरं काय ते कळवलं. त्यांचं सांत्वनाचं पत्र आलं, पण नियम नियमच होता. आता तूच सांग, अकरा वर्षं ती बाई या कामात होती. दिल्लीच्या अनुदानासाठी तीन-तीन प्रतींत अर्ज टाइप करून घ्यायची, नकार आला की तो फाईलला लावून पुढचा अर्ज लिहायला बसायची. तुला नागपुरात निदान नोकरीचं पाठबळ होतं, इथं तिच्यामागं ना मोठा प्रोफेसर ना कुणाचा वशिला. छापून आलेली एक ओळ तिच्या नावावर नाही. हा निबंध परत आला असता तर ती ओळ कधीच छापली गेली नसती. तुला कळवायला हवं होतं, निबंधावर तुझंही नाव आहे, आणि तू धावत आली असतीस. पण खरं सांगू का, मला हे कुणाशी वाटून घ्यायचं नव्हतं. एस.टी.च्या ऑफिसात वीस वर्षं वेळापत्रकं आखतोय, कुठली गाडी कुठून कधी सुटते ते मला पाठ. प्रश्न छापलेले, घरांची यादी तयार. एवढं तर गाढवालाही जमेल, असं वाटलं.

गाढवाला जमलंही असतं, मला पहिल्या घरीच जमेना. पत्ता विचारत गेलो, इंदूची पिशवी बघून अंबूबाई नावाची बाई हसत बाहेर आली आणि माझ्या मागं बघायला लागली, "बाई कुठं हाईत?" तुमच्या छापील कागदावर या प्रश्नाला जागा नाही. मी "त्या वारल्या" एवढं बोललो आणि घाईघाईनं फॉर्म काढला. तिनं तो हातानं बाजूला सारला, मला पाणी दिलं आणि भिंतीला टेकून रडायला लागली. दहाव्याच्या दिवशी घाटावर मी इतका अवघडलो नव्हतो. शेवटी तीच पदरानं डोळे पुसून म्हणाली, "इचारा पावणं, काय इचारायचं ते. बाईंचं काम अडाय नगं."

असं सतरा वेळा सांगत फिरलो, विमल. पहिले दोन महिने मी घरात ज्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही, ती परक्यांच्या उंबऱ्यावर उभं राहून सांगत होतो. सगळी घरं शिरोलीतही राहिलेली नाहीत. साचे करणारा ज्ञानू छातीच्या दुखण्यानं काम सोडून जोतिबाला नारळ-गुलालाच्या दुकानावर बसतो. चार पायऱ्या चढला की दम लागतो, तरी मला बस स्टँडपर्यंत पोचवायला आला. एक कुटुंब गगनबावड्याच्या पलीकडं आपल्या गावी परतलंय. पहाटेची गाडी धरून गेलो, पुढं दीड तास चाललो. तिथल्या म्हातारीनं नाचणीची भाकरी खाऊ घातली आणि इंदू कशी तोंडावर हात घेऊन हसायची ते मला करून दाखवलं. मला दाखवलं, विमल, तिच्या नवऱ्याला. घरात ती तशी हसलेली मला आठवेना. ती दमून सातला घरी यायची, पदर खोचून भाताचं आधण ठेवायची, आणि मी पेपरातून डोकं वर काढून विचारायचो, "झाल्या का गप्पा मारून?" मी त्याला गप्पाच म्हणत आलो.

शेवटचं घर चिमणाबाईचं. तिचा नवरा केरबा भट्टीवर होता, आता खाटेवर असतो. तुमचा तेरावा प्रश्न मी विचारला, घरातली मोठी अडचण तुम्ही प्रथम कोणाला सांगता? सोळा घरांत नवरा, सासू, भाऊ अशी उत्तरं मिळाली होती. ही म्हणाली, "बाईंस्नीच सांगायची की. आनि बाई मला." मला गंमत वाटली. म्हटलं, आमच्या बाईंना कसली आली अडचण? ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय? मद्रासला जायच्या आदुगर, श्रावणात, हितंच बसून म्हणाल्या, छातीत गाठ लागतीया. मी म्हणलं, मालकांस्नी सांगा. तर म्हणाल्या, मद्रासासनं आल्यावर सांगते. आदी सांगितलं तर जायाला मिळायचं न्हाई."

श्रावणात. मला तिनं मद्रासहून आल्यावर, संक्रांतीला सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, हे कधीपासून आहे? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आठ दिवस. आणि मी शेजारी बसून मान डोलावली, जणू मला सगळं ठाऊक होतं. पाच महिने आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी तेव्हा विचारलंच नाही, कारण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

आधी सांगितलं तर जायला मिळणार नाही, असं इंदू का म्हणाली हे चिमणाबाईला कळलं नाही. तुलाही कळणार नाही, कारण पुढची गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. एकोणसत्तर साली दिल्लीला संशोधनाचा सहा आठवड्यांचा वर्ग होता, विद्यावेतनासकट. आपल्या बाजूनं एकट्या इंदूची निवड झाली होती. निघायच्या आधी तिला ताप आला. चौथ्या दिवशी उतरला, अजून नऊ दिवस हातात होते. मी पोस्टात गेलो आणि तिच्या नावानं तार करून टाकली, आजारपणामुळे येणे अशक्य. तिला विचारलं नाही. घरी येऊन म्हणालो, तुझ्या जिवापुढं दिल्ली काय मोठी? काळजीबिळजी काही नव्हती, विमल. ऑफिसात लोक विचारतील, बायको दिल्लीला आणि तुम्ही इथं पोळ्या लाटता का, याची मला लाज वाटत होती. तिनं ट्रंकेतले कपडे काढून परत कपाटात लावले. तू त्या वेळी पत्रातून तिला भित्री म्हणाली होतीस. तिनं ते निमूट ऐकून घेतलं, पण माझं नाव सांगितलं नाही. आठ वर्षांनी मद्रासची संधी आली तेव्हा तिनं एवढंच केलं, की या खेपेला मला आजार कळू दिला नाही.

फॉर्म बुधवारी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवले. मुलाखत घेणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलंय. ते नियमात बसतं का, आणि बेरजा बरोबर आहेत का, ते तू संपादकांना कळव. तुझ्यासाठी सगळ्याची एक प्रत सोबत आहे. चिमणाबाईचं उत्तर तिनं दिलं तसंच लिहिलंय. निबंध घेतला तर मार्चमध्ये येईल, इंदूचं नाव पहिलं राहील, तेवढं मी लेखी मागून घेतलंय.

हे सगळं चार ओळींतही कळवता आलं असतं. पत्र लिहितोय ते एका गोष्टीसाठी. मद्रासला तुम्ही दोघी पाच दिवस एका खोलीत राहिलात. तिनं तुला गाठीचं सांगितलं होतं का? सांगितलं असेल आणि तू गप्प राहिली असशील, तर मी रागावणार नाही. मला तो अधिकारच नाही. आणि सांगितलं नसेल, तर त्याचा अर्थ असा, की एवढ्या आपल्या माणसांत तिला आपली भीती सांगायला शिरोलीतल्या एका बाईशिवाय कुणी नव्हतं. गेले आठ दिवस ऑफिसात बसलो तरी माझ्या मनात हेच असतं. तिनं तुला सांगितलेलं असावं, असं मला फार वाटतं. पण मला बरं वाटावं म्हणून तसं लिहू नकोस. जे असेल ते लिही.

तुझाच,
दादा