चिंचेखाली पडलेल्या सूर्यकोरी

बाई,

परवा सातवीच्या वर्गाला ग्रहण शिकवत होते. फळ्यावर वर्तुळं काढली, सावलीच्या रेषा ओढल्या, आणि एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः ग्रहण पाहिलंय?" मी हो म्हटलं. पुढचा तास कसा संपवला ते आठवत नाही. घरी येऊन वही काढली, ती तुम्हाला लिहायला. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला थोडं थांबावं लागतं.

ऐंशी सालचं ते सूर्यग्रहण. मी नववीत होते. नाशिकरोडच्या आपल्या शाळेत निम्म्या मुलींचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, माझेही. तुम्ही भूगोल शिकवायचात आणि तुम्हाला सातवा महिना होता. ग्रहणाच्या आदल्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत की दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या तेवीस वर्षांच्या एका गणितज्ञाने लिहून ठेवलंय, सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. राक्षस वगैरे कोणी गिळत नाही. मग तुम्ही खडू ठेवलात, हात पदराला पुसलेत आणि म्हणालात, "माझी आजी विंचूरकडची. ग्रहण लागलं की गावाची दारं बंद व्हायची आणि आमच्या वस्तीने टोपल्या घेऊन निघायचं, 'दे दान, सुटे गिरान' ओरडत. मूठभर धान्य मिळायचं, जुनेर मिळायचं. ग्रहण सुटायचं ते आपलं आपणच. त्या बाईची नात आज तुम्हाला सांगतेय, ते किती वाजता सुटणार." तुम्ही फळ्यावर वेळ लिहिलीत आणि म्हणालात, "ज्यांना बघायचंय त्यांनी शाळेत या. सूर्याकडे कोणी बघायचं नाही, मी दाखवीन तसं बघायचं."

आमच्या घरी त्या दिवशी सकाळपासून पाण्याच्या हंड्यात, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं पडली होती. आई शेजारणींबरोबर रामकुंडावर स्नानाला निघाली होती. मी तिला सांगितलं की माझी पाळी आली आहे. ते खोटं होतं, पण त्यावर तिला काही विचारता येईना. "कोपऱ्यात बस, खिडकी उघडू नकोस," म्हणून ती बस पकडायला गेली आणि दहा मिनिटांनी मी शाळेच्या रस्त्याला लागले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शाळेत आम्ही चौघीच आलो होतो. तुम्ही आरशावर भोक पाडलेला कागद चिकटवून उन्हात धरलात, आणि अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर सूर्य उमटला, एका बाजूने चावल्यासारखा. पण मला खरं आठवतं ते नंतरचं. तुम्ही आम्हाला अंगणातल्या चिंचेखाली नेता. पानांच्या फटींतून जमिनीवर एरवी गोल कवडसे पडतात, ते सगळे आता सूर्याच्या कोरी झालेत. शेकडो कोरी, मातीवर, आमच्या हातांवर, तुमच्या पिवळ्या पातळावर, पोटावर. तुम्ही खाली बघता आणि हसता. "बाळालाही दिसतंय," म्हणता.

बाळ उन्हाळ्यात झालं. मुलगा. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

ही बातमी प्रेसच्या वसाहतीत एका दिवसात पसरली. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. नळावर बायका हलक्या आवाजात बोलायच्या. माझ्या खोटेपणाचा आईला तोवर पत्ता लागला होता. ती मला मारायला धावली नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "बघितलंस ना? बाई शिकलेली असली म्हणून काय झालं." बाकीच्या तिघी बाळाला बघायला तुमच्या घरी गेल्या. मी गेले नाही. आईने अडवलं होतं हे खरं, पण तिने अडवलं नसतं तरी मी गेले नसते. मला ते बाळ बघायची भीती वाटत होती.

जुलैच्या शेवटी तुम्ही परत आलात. वाळल्या होतात. तिसऱ्या-चौथ्या तासाला, का कोण जाणे, मी उभी राहिले आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "बाई, ग्रहणाने काही होत नाही, तर मग बाळाचं तसं का झालं?" तुम्ही पुस्तक मिटलंत. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालात, "ओठ पोटात दुसऱ्या महिन्यात जुळतो. ग्रहण होतं तेव्हा मला सातवा होता. म्हणजे जे व्हायचं ते आधीच झालं होतं. का झालं, ते डॉक्टरांना माहीत नाही, मलाही नाही. माहीत नाही असं म्हणायला शीक." मी बसायला लागले तर म्हणालात, "थांब. हे तू मला शोधायला विचारलंस की ऐकवायला?" त्या तासाला तुम्ही मला शेवटपर्यंत उभं ठेवलंत. शाळेत मला झालेली ती एकमेव शिक्षा, आणि ती योग्य होती.

पुढे मी कॉलेजात विज्ञान घेतलं, ते बहुधा त्या प्रश्नामुळेच. तिथे वाचलं की त्या तेवीस वर्षांच्या गणितज्ञानंतर सव्वाशे वर्षांनी दुसरा एक झाला, तितकाच थोर. ग्रहणाचं गणित त्याला तोंडपाठ. तरी त्याने आपल्या ग्रंथात राहूची बाजू घेतली आणि सावली म्हणणाऱ्यांना दोष दिला. चारशे वर्षांनी एका परदेशी विद्वानाने ते वाचलं आणि तो चकित झाला. माहीत असून हा असं का लिहितो? त्याला वाटलं, भीतीने. मला तेव्हा त्या गणितज्ञाचा फार राग आला होता. आता येत नाही.

धूमकेतू येऊन गेला त्या शहाऐंशी साली माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि मला सातवा महिना होता. देवळालीगावच्या बाजारात तुम्ही भेटलात, मुलाचं बोट धरून. त्याच्या ओठावर शिवणीची बारीक रेघ होती, आणि तो अखंड बोलत होता. तुम्ही माझ्या पोटाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पुढच्या आठवड्यात चंद्रग्रहण आहे. दिवेलागणीला चंद्र ग्रासलेलाच उगवेल. बघशील ना?" मी म्हटलं, "हो बाई, बघणारच."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी खोलीचे पडदे ओढले आणि उताणं पडून राहायला सांगितलं. त्यांनी जबरदस्ती केली नाही. मीही वाद घातला नाही. ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो हे मला तुमच्याच तोंडून माहीत होतं. चंद्रावर सावली पडते, माझ्यावर नाही, हेही माहीत होतं. मी पाय सरळ ठेवून पडून राहिले, हाताला खाज सुटली तरी खाजवलं नाही. मुलगी झाली तेव्हा नर्सने तिला जवळ आणलं, आणि मी तिच्या डोळ्यांआधी ओठ पाहिला.

श्रावणात तुम्ही बाळाला बघायला आलात. स्वतः विणलेली लोकरीची टोपी आणली होतीत. चहा घेताना विचारलंत, "मग, पाहिलंस ग्रहण?" मी म्हटलं, "हो बाई, गच्चीवरून. उगवला तोच अर्धा झाकलेला, कडेला तांबूस." सगळं पुस्तकातलं. तुम्ही लक्ष देऊन ऐकलंत, कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "छान." मग मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसलात.

तुम्ही गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "गच्चीवरून कधी पाहिलंस गं? त्या दिवशी तर अवकाळी ढग होते. चंद्र कोणालाच दिसला नाही."

तुमचं घर आमच्यापासून चार गल्ल्यांवर होतं, बाई. त्या संध्याकाळी मुलाला घेऊन तुम्ही नक्कीच बाहेर उभ्या असणार.