अण्णा, महेशनं जादा पाटे टाकलेत

प्रिय अण्णा,

ठण्ण... आणि मग बराच वेळ नुसता घुमणारा नाद. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याला तापवून बाक दिलास की तो निवल्यावर तू हातोडीनं वाजवून बघायचास, तो आवाज आज दुपारपासून माझ्या कानात आहे. आपल्या शेडमध्ये आता वाजवणार कोण? भीती वाटली की म्हाताऱ्या माणसाला जुनं काहीबाही ऐकू येत असेल. म्हणून लिहायला बसलो. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझ्या महेशनं पिकअपला मागं जादा पाटे टाकून घेतले. शहाबादी फरशी भरली की गाडी मागून पार बसायची आणि पुढून हलकी व्हायची. आता भरलेली गाडीसुद्धा ताठ उभी राहते. काल दारात उभी करून मला दाखवत होता, "तात्या, बगा की. आता कितीबी भरा, दबत न्हाय."

कितीबी!

तू काय केलं असतंस, मला ठाऊक आहे. पाटे वाढवून मागणाऱ्या मालकालाच तू पाटे टाकून कडक झालेल्या गाडीच्या रिकाम्या हौद्यात बसवायचास आणि स्वतः ती खड्ड्यांतून फिरवून आणायचास. केवढे मिशाळ बागायतदार कंबर धरून उतरायचे, आठवतं? "एक पाटा काढा," म्हणायचे. आणि तरी कुणी हट्ट धरलाच, तर तू सांगायचास, "गाडी मागनं बसती म्हंजे ती बोलतीया, आता बास. पाटे टाकून तिचं तोंड बांधशील. पर ब्रेक त्येच, टायर त्येच, एक्सल त्योच. त्यास्नी भार कळतोय की."

हे सगळं मला काल महेशला सांगायचं होतं. पण जन्म गेला मुलांना पाखरांच्या आणि पावसाच्या कविता शिकवण्यात! तोंडातून निघालं काय, तर थकलेल्या बैलाची उपमा. महेश हसला, म्हणाला, कविता झकास झाली तात्या. आणि पाना उचलून चालू लागला.

तुझाही थोडा राग येतो अण्णा. पोराला सगळी हत्यारं देऊन गेलास, त्याला दटावणारा तुझा आवाज मात्र मागं ठेवला नाहीस. माझा आवाज अजून वर्गातली पोरंच ऐकतात, तीही स्वप्नात.

आज सकाळी सूनबाई रेखाही त्याच्याबरोबर केबिनमध्ये बसून गेली. तिला अक्कलकोटला मठात दर्शन घ्यायचं होतं. तिथून पुढं जाऊन फरशी भरायची आणि जेवायला घरी यायचं, असं ठरलं होतं. तिनं करून ठेवलेली आमटी अजून झाकलेलीच आहे, आणि ऊन भिंतीवरून उतरायला लागलंय. महेशचा फोन वाजतो, उचलत नाही. रेखाचा बंद आहे. परतीच्या रस्त्यावर तो लांब उतार आहे ना, खाली ओढ्याचा पूल असलेला? डोळे मिटले की ताठ उभी राहिलेली गाडी त्या उतारावर दिसते. मी डोळे मिटतच नाही. बाहेर हॉर्न वाजला की उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येऊन बसतो. शांत झोपलेल्या माणसाला हे सांगणं बरं नव्हे, पण तुझी दोन लेकरं त्या गाडीत आहेत रे!

ऐक. ती दोघं सुखरूप दारात आली, की मी त्याला उपमा देणार नाही. तुझ्या शेडमध्ये उभा राहून सरळ सांगेन, जादा पाटे काढ आणि गाडीला झेपेल एवढंच भर. तो चिडला तरी सांगेन, हसला तरी सांगेन. हा माझा शब्द.

थांब, कडी वाजली.

अण्णा, रेखा आलीय. एकटीच, एसटीनं. साडी धुळीनं माखलेली. मी काही विचारायच्या आत तीच बोलली. उतारावर ब्रेक नीट लागेनात. महेशनं कशीबशी गाडी कडेच्या बांधाला घासून थांबवली. लागलं कुणालाच नाही. तुम्हाला काय सांगायचं, म्हणून फोन उचलला नाही म्हणे त्यानं. आणि ब्रेक जरा गार झाल्यावर तसाच निघायला बघत होता.

"मग?" मी विचारलं.

तिनं मूठ उघडली.

"बसलेत तितंच, फरशी उतरवत. जातील कुटं, तात्या? चावी मी घिऊन आलीय."

तुझा,
बाळू