लोळत्या गुलाबांचा उतार

१४ मे

आज पवना धरणाकाठच्या बंगल्यावर. उतारावरचे गुलाब बघत राहावेत असे झालेत. गेल्या पावसाळ्यात लावले तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या होत्या, "नसीमताई, असं काहीतरी द्या की पुन्हा बघायला नको." दिलं. लोळता गुलाब. छाटणी नाही, फवारणी नाही. फांदी जमिनीला टेकली की पेरातून मूळ धरते आणि पुढे सरकते. अख्खा उतार पांढरा झालाय. खालच्या भिंतीवरून फांद्या आता दत्तूभाऊंच्या खोलीच्या पत्र्यावर लोंबतात. दत्तूभाऊ आणि सुमन मावशी बंगला राखतात, खोली भिंतीला खेटूनच. काटे असे की कुत्रंसुद्धा उतारात शिरत नाही.

एकच कटकट. मधल्या ओळीत ठिबकची नळी जोडातून निसटलेली. दत्तूभाऊ म्हणाले, "माकडांचीच कामं ही, ताई." माकडांना मनसोक्त शिव्या घातल्या, जोडून आले.

मावशींची कविता बाळंतपणाला माहेरी आलीय. पहिलटकरीण. पाय सुजलेत पण तोंड सुरू.

२९ मे

नळी परत निसटली. त्याच जागी. आणि आज दोन टोकं एकमेकांना पोचेनात! मध्ये वीतभर तुकडा घालावा लागला. उन्हाने आखडली म्हणावं तर बाकीच्या ओळी ठीक आहेत. मग माकडांनी काय वीतभर नळी खाल्ली? दत्तूभाऊ हसले, मीही हसले. कामशेतला नर्सरीत परत येईपर्यंत डोक्यातून जाईना.

११ जुलै

पाऊस लागून राहिलाय. नर्सरीत चिटपाखरू नाही, म्हणून बंगल्यावर चक्कर मारली. नसती मारली तर बरं, निदान रात्री झोप लागली असती.

भिंतीची भोकं बुजवलीत. उताराचं पाणी बाहेर पडायला भिंतीत पाइप ठेवले होते, त्यातून तांबडं पाणी येऊन फरशीवर डाग पडायचे. बंगला भाड्याने घेणाऱ्या पाहुण्यांच्या फोटोत दिसतात म्हणे. गवंडी बोलावून सगळे पाइप सिमेंटने बंद. बाईंना फोन लावला. "मॅडम, डोंगराचं पाणी जाणार कुठून मग?"

"गुलाब पितील ना!" आणि हसल्या.

अस्सा संताप आला. भिंतीला हात लावला. गार. मधोमध थोडं पोट आल्यासारखं वाटलं. आधीपासून होतं का? कुणाला विचारणार? बघायला नको म्हणूनच तर गुलाब लावले, आणि मग खरंच कुणी बघितलं नाही. मीसुद्धा.

१९ जुलै

सुमन मावशींचा फोन, लय खुशीत. "ताई, मोरीत झरा फुटलाय! फरशीतनंच पाणी येतंय बघा. भांडी घासायला नळाव जायला नगं."

"पाणी कसलं आहे, मावशी? स्वच्छ?"

"न्हाई वो, चहावानी."

पुढे म्हणाल्या, दार फुगलंय, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. पावसात लाकूड फुगतं. फुगतं ना. आमचंही फुगतं.

पण मोरीत झरा?

२ ऑगस्ट

उघडीप. गमबूट, चामड्याचे हातमोजे घालून उतारात शिरले. दत्तूभाऊ खालून ओरडत होते, "कशापायी मरताय, ताई, साप असंल!"

साप नव्हता. मधल्या ओळीत फांद्या उचलल्या. लोळत्या गुलाबाची फांदी ढिली पडलेली असते, बोटाने हलवावी तशी हलते. इथल्या फांद्या वाळत घालायच्या दोरीसारख्या ताठ. एक टोक वर मुळावलेलं, एक खाली, आणि मध्ये ओढ. काहींची साल सोललेली. एक माझ्यादेखत तुटली.

खाली भेग. उतारभर आडवी, गुलाबाखाली झाकलेली. वेळूची काठी घातली, हातातून सुटली आणि गेलीच. आवाजसुद्धा आला नाही.

भिंत, भिंतीखाली पत्र्याची खोली, ओट्यावर कविता तांदूळ निवडत बसलेली.

बाईंना फोटो पाठवले. उत्तर: "मुळं धरून ठेवतात ना माती? पावसाळा संपला की इंजिनिअरला दाखवते." गुलाबाची मुळं हातभर जातात हो बाई. त्याच्या खालून सगळा डोंगर निघालाय.

३ ऑगस्ट

सरकारी कचेरीत अर्ज देऊन आले. खासगी जागा, पाहणी करू, म्हणाले. आमचे हे म्हणतात, तू सांगितलंस ना, झालं. मी म्हटलं काय झालं? काहीच झालेलं नाही.

दत्तूभाऊंना सांगितलं, खोली सोडा. ते म्हणतात, "चाव्या माज्यावर टाकून गेलीत मान्सं. पंधरा आगस्टला पावनं यायचंत. मी कुटं जाऊ?"

६ ऑगस्ट

कविताला मुलगी झाली. कामशेतच्याच दवाखान्यात. दोघी सुखरूप. मावशींना म्हटलं, दवाखान्यातून सरळ माझ्याकडे आणा, मागची खोली मोकळी आहे. "बगू," म्हणाल्या. हे बगू मला चांगलं माहीत आहे.

८ ऑगस्ट

मी दवाखान्यात पोचेपर्यंत घेऊन गेलेसुद्धा. मागोमाग बंगल्यावर. खोलीत शेगडी, ओव्याची धुरी, खिडकीला गोधडी ठोकलेली. बाळाला वारा लागायला नको म्हणून दार गच्च. त्या धुरात कविता घामाने निथळत पडलेली आणि छातीशी ती एवढीशी लाल मुठीची पोर.

"बाराव्या दिसापातुर बाळंतीण हालवत न्हाईत, ताई. आन परवा पाचवी. सटवाई कपाळाव ल्ह्याया येती. आमी तुमच्याकडं असलो तर तिला घर गावंल का?"

म्हटलं, माझं घर सगळ्यांना सापडतं, नर्सरीची एवढी मोठी पाटी आहे. आमच्याकडे छट्टी, तुमच्याकडे पाचवी, एका दिवसाचा तर फरक. मावशी हसल्या. हलल्या मात्र नाहीत.

निघताना भिंत पाहिली. आता पोट नजरेला दिसतं. फुलं मात्र भरपूर, पावसालाही दाद देत नाहीत. मला त्यांच्याकडे बघवेना.

९ ऑगस्ट

सकाळी दत्तूभाऊंचा फोन. दार उघडेना. मावशी पाणी आणायला बाहेर आल्या होत्या, आत कविता आणि बाळ. चौकटच दाबली गेलेली. शेवटी पहार घालून दार मोडलं. तेवढा वेळ आत धूर, आणि पोर रडायची थांबलेली.

हे आणि मी टेम्पो घेऊन पळालो. मावशींनी बाळाला पदराखाली घेतलं आणि पुढे येऊन बसल्या. "चला, ताई."

बाळ ठीक आहे, कविताही. आमच्या मागच्या खोलीत झोपलंय. दत्तूभाऊ नाही आले. मोडक्या दाराला पोतं बांधून बसलेत. म्हणे मालकीणबाई उद्या फोन करणार आहेत, चावीपाशी माणूस हवं. दत्तूभाऊंशी भांडून आले. ऐकलं नाही.

आज महिन्याभरात पहिल्यांदा जेवण गेलं. अर्धंच गेलं.

१० ऑगस्ट

पाचवी. पहाटेपासून पावसाने पुन्हा धरलंय, काल वाटलं होतं उघडेल.

पूजेला पाटा-वरवंटा लागतो. माझा घासून धुऊन दिला. मावशींनी त्यावर हात फिरवला, बराच वेळ. "चांगला हाय वो. पन कविताची पाचवी आमच्या पाट्याव झालती. माजीबी त्याच्यावच. आईनं दिलेला." म्हटलं, खोलीवर राहिलाय ना, मी आणायला लावते. "तुमाला न्हाई गावायचा. आन ह्यास्नीबी घिऊन येते, माजं ऐकत्यात." आमचे हे टेम्पो घेऊन पुण्याला गेलेले. मी म्हटलं, ते येईपर्यंत थांबा.

"सटवाई थांबती व्हय?"

जीप आली तशा चढल्या. चढता चढता वळून म्हणाल्या, "फुलं हितली तोडू नगा, तुमची इकायची हायती. येताना तिकडची आनते वंजळभर. पांडरी."

मी ओरडले, मावशी, उताराला हात लावू नका! तोवर जीप रस्त्याला लागली होती.

संध्याकाळ. दोघांचेही फोन लागत नाहीत. पावसात तिकडे रेंज जातेच, त्यात नवीन काही नाही. जीपवाला म्हणतो फाट्यावर उतरवलं, पुढचं माहीत नाही. हे पुण्याहून आले ते तसेच टेम्पो वळवून गेलेत. त्यांचाही लागत नाही.

कविताने दोनदा विचारलं, "आई आली का?" येतायत म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिलाही वाटला असणार, तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

फरशी पुसून पाट मांडलाय. तांदूळ, हळद-कुंकू, कणकेचा दिवा. फुलं तोडली नाहीत, मावशी आणणार आहेत. माझा पाटा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तो मांडला तर त्या यायच्या नाहीत, असं उगाच मनात आलंय. देवा, उगाचच असू दे.

पोर जागी आहे. रडत नाही, नुसती पडून आहे.

पाट्याची जागा मोकळी ठेवलीय.