निळी खोली

१२ जानेवारी
आज इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. फ्रीटाउनहून लाल धुळीत माखून पोचले, तर थोरल्या सिस्टर मुसूंनी आधी कसावाच्या पाल्याची भाजी नि भात पुढ्यात ठेवला. इथे उंदरांपासून होणाऱ्या तापाची साथ आहे. दोन औषधांची चाचणी चालू आहे. एक पिवळ्या खोलीत देतात, दुसरं निळ्या. कुणाला कुठे न्यायचं ते संगणक ठरवतो, आणि ज्या खोलीत जास्त माणसं जगतात तिकडे पुढच्यांना जास्त धाडतो. डॉ. सामाई म्हणाले, मरणारे कमी व्हावेत म्हणूनच ही पद्धत. मला फार पटलं.

२० जानेवारी
पाय भरून आलेत. पिवळ्या खोलीत रोज कुणीतरी दगावतं. निळ्या खोलीत कुणीच नाही, म्हणून संगणक आता बहुतेकांना तिकडेच पाठवतो. बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या तेनेमावशीही तिकडेच गेल्या. एवढ्या तापातही मला म्हणाल्या, "पोरी, तुझ्यापेक्षा माझी मासळी अंगानं भरलेली असते गं."

२९ जानेवारी
मावशींचा ताप उतरला. नुसत्या बसून असतात. नाव विचारलं की सांगतात, बस. जेवण मागत नाहीत. डोळ्यावर माशी बसली तरी पापणी हलत नाही. नाडी मला सापडली नाही. मीच थकले असेन. मुलगी, गबेसे, न्यायला आली आणि दारातच थांबली. "ही माझी आई नाही, सिस्टर. मी आईला आणलं होतं. ती द्या."

२ फेब्रुवारी
डॉक्टरांना बोलावलं. मावशींच्या छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाइन्दू, संगणक एकच विचारतो, माणूस जिवंत आहे का? बसतंय, उत्तर देतंय. मी 'नाही' कसं भरू?"
छातीत काय ऐकू आलं, ते विचारलं. ते संगणकात 'जिवंत' भरायला निघून गेले.

५ फेब्रुवारी
निळी खोली भरली. मी आत गेले की सगळे एकदमच मान वळवतात. मुसू सिस्टर तापाने पडल्या. त्यांनाही निळी.

६ फेब्रुवारी
मला ताप. मला पिवळ्या खोलीत ठेवा, मी म्हणाले, तिथे निदान मरता तरी येतं. डॉक्टर रडले. पिवळं औषध बंद झालंय. संगणक आता कुणालाच तिकडे —

७ फेब्रुवारी
सलाईन लागलं. शेजारी मुसू सिस्टर, डोळे उघडे — मला तहान नाही. थकवाही नाही, इथे आल्यापासून पहिल्यांदाच — आता डॉक्टर आले. जिवंत आहेस का, विचारलं. मी काही बोलायच्या आतच माझं तोंड हो म्हणा—