बाईच्या सिनेमाचा शेवट

लातूर, ४ एप्रिल १९८३

चि. महानंदा हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू सांगितलेला, बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा पाहिला. तो नांदेडला लागेना म्हणून मला पिटाळलंस. त्यावरचा तुझा लेख निवडला गेला तरच तुला पुण्याच्या चित्रपट शिबिराला जायला मिळणार, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघितला. त्यातली बाई सारखी जेवण वाढत असते आणि कॅमेरा तिच्या हातांबरोबर फिरतो. जेवणाऱ्यांचे नुसते गुडघे दिसतात!

पण शेवट हुकला गं. आमचा जिल्हा झाला, कलेक्टर आले, पाणी तेवढं यायचं राहिलंय. बायका रांगेत घागरी लावून टॉकीजमध्ये बसतात आणि टँकर आला की मॅनेजर पडद्यावर पाटी दाखवतो. नेमकी शेवटाला दाखवली! शेजारच्या साखराबाई तर चपला टाकून पळाल्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी शिवगंगाअक्का

नांदेड, ७ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न.

आधी पोट धरून हसले, मग रडकुंडीला आले. आमचे सर म्हणतात, बाईचा सिनेमा म्हणजे नायिका शेवटी घर सोडणारच, तसं लिहून मोकळी हो. लेख पंधरा तारखेला द्यायचाय. न पाहिलेलं लिहायला हात धजत नाही, पण पुन्हा बघून शेवट कळवणारं तुझं पत्र आलं नाही तर तसंच लिहीन.

तुझी घाबरट महानंदा

लातूर, ११ एप्रिल

चि. महानंदास आशीर्वाद.

पुन्हा गेले. तुझे दाजी म्हणाले, एकच शिणेमा दोनदा, हे लई झालं. पाटी आली, सगळ्या उठल्या, मी बसून राहिले.

ती घर सोडत नाही. सगळ्यांचं झाल्यावर स्वतःचं ताट घेते. आतून नवरा हाक मारतो, ती उठत नाही, जेवते. कॅमेरा तिच्याशेजारी जमिनीवर बसून असतो, ताट संपेपर्यंत. बस्स. पुरुषाने सिनेमा काढला असता तर तिला रडवलं असतं, नाहीतर दार आपटायला लावलं असतं.

रडले मी. इतक्या वर्षांत मला जेवताना कुणी पाहिलेलं नाही.

घागरी रिकाम्याच आणल्या. दाजी बोलायचं ते बोलले, बोलू देत. तू खरं तेच लिही.

तुझी अक्का

नांदेड, २ मे

ती. अक्कास शि. सा. न.

निवड झाली! सरांनी विचारलं, शेवट एवढाच का. मी म्हटलं, एवढाच.

पुण्याआधी लातूरला येतेय. स्वयंपाक मी करणार, वाढणारही मीच. तू सगळ्यांच्या आधी बसायचंस, अगदी सावकाश जेवायचंस. मी शेजारी बसून बघणार आहे.

तुझीच महानंदा